‘पानी’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘आडनाव काय?’

चावडीवरचा

सरळ विषयावर येतो. आपल्याकडे कुणी ‘पानी’, ‘लोनी’, ‘आनि’ बोललं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच कप्पे पडायला लागतात. कुठल्या गावचा, कुठल्या शाळेतला, आणि (तोंडाने म्हणणार नाहीत पण) कुठल्या जातीचा. कपडे ब्रँडेड घेता येतात, गाडी हप्त्यावर घेता येते, ण मात्र हप्त्यावर मिळत नाही.

माझं म्हणणं, हे शुद्ध-अशुद्ध प्रकरण भाषेचं नाहीच, पायरीचं आहे. तोच ‘पानी’ दिल्लीच्या हिंदी बातम्यांत आला की एकदम शुद्ध. आणि आपल्या महाराष्ट्री प्राकृतात तर न दिसला की ण करायचे, नगराचं ‘णअर’. म्हणजे त्या हिशोबाने ‘नगर’ म्हणणारे आजचे सगळे शुद्धवालेच अशुद्ध. आवाजात काही खोट नसते हो, तो कुणाच्या तोंडून येतो त्यावर ठरतं.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने भाड्याच्या फ्लॅटसाठी फोन केला, दोन वाक्यं झाली नाहीत तोवर ‘फ्लॅट गेला’. अर्ध्या तासाने दुसऱ्याने त्याच नंबरवर एकदम घोटलेल्या मराठीत विचारलं तर ‘कधी बघायला येताय?’. आडनाव दोघांनीही सांगितलं नव्हतं.

आणि हसण्याची दिशा बघा. पुण्यातला पोरगा वऱ्हाडी ‘शाया’ ऐकून हसतो. वऱ्हाडातला पोरगा पुण्यात येऊन ‘शाळा’ ऐकून हसत नाही, तो स्वतः बोलायचा बंद होतो.

माजी_मास्तर

धागा वाचला. एक गंमत सांगू का, तुमच्या सगळ्या मजकुरात ण एकदाही चुकलेला नाही. ज्याच्या घरात शिडी आहे त्याने शिडी काय कामाची म्हणायला काय जातं?

माझी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गेली, वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्यांची, मेंढरामागे फिरणाऱ्यांची पोरं. मी ण घोटून घेतला, हो घेतला, आणि परत वेळ आली तर परत घेईन. न म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मागे टेकतं, ण म्हणताना तेच टोक उलटं वळून वर टाळूला जातं आणि तोंड जरा उघडं ठेवलं तर आरशात जिभेची खालची बाजू दिसते. एक हातआरसा वर्गात फिरवायचो, ‘बाण’ म्हणा, ‘आण’ म्हणा, पोरं एकमेकांच्या तोंडात बघून खिदळायची पण आठवड्याभरात बसायचा. त्यातली काही आज तहसील कचेरीत आहेत, पोलिसात आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीला समोर बसलेलं मंडळ बोलीभाषेचं कौतुक करायला आलेलं नसतं.

चावडीवरचा

गुरुजी, ण शिकवायला माझी ना नाहीच. प्रश्न एवढाच की शिकवताना पोराला काय सांगितलं? ‘कचेरीत असं बोलतात, घरी तसं बोलतात’ हे, की ‘तुझी आई चुकीचं बोलते’ हे?

माजी_मास्तर

एका खोलीत दोन इयत्ता बसवून शिकवून बघा, मग हे सगळं समजावून सांगायला वेळ कुठून काढायचा ते मला सांगा. आणि पोरं तुम्ही समजता तेवढी भाबडी नसतात. वर्गात ‘पाणी’, फाटकाबाहेर पडलं की ‘पानी’. घरी चुकून ण निघाला तर आईच म्हणायची ‘लई शहाना झाला का रं’. म्हणजे टपली दोन्हीकडून, हे पण लिहा की.

पेठेतला_पेन्शनर

मास्तरांशी सहमत. भाषेला एक प्रमाण रूप लागतंच, नाहीतर ‘मण’ आणि ‘मन’, ‘अणू’ आणि ‘अनू’ यातला फरक कोण करणार? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये लागू केले ते काय कुणाला खाली दाखवायला? सगळ्यांना एकच पुस्तक वाचता यावं म्हणूनच ना?

दुसरं म्हणजे टिंगल एकाच बाजूने होते हे साफ खोटं. आम्ही जरा नाकात बोलतो तर नाटक, सिनेमा, रील, सगळीकडे आमचीच नक्कल. कंजूष, खवचट पात्र दाखवायचं असेल तर त्याच्या तोंडी कुठली मराठी घालतात ते बघा जरा. त्यावर कुणी धागा काढत नाही.

रानवाट

@पेठेतला_पेन्शनर काका, तुमची नक्कल करतात हे खरंच, आणि ते वाईटच. पण त्या नकलेमुळे तुमचं कुठलं प्रमोशन अडलं का? कुणी फ्लॅट नाकारला? नक्कल झाली की तुम्ही चिडता. आमची झाली की आम्ही बोलणं बदलतो. फरक तिथे आहे.

मण आणि मनचं म्हणाल तर बाजारात ‘दोन मन ज्वारी’ म्हटल्यावर आजवर एकाही व्यापाऱ्याने कुणाचं हृदय तोलून दिलेलं नाही 😀

आणि १९६२ चे नियम लेखनाचे आहेत हो, तोंडाचे नाहीत. लिहिण्याचा नियम पुढे करून बोलणाऱ्याला हाणायचं हेच तर चालू आहे कधीपासून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतीराव फुल्यांवर टीका केली तेव्हा मुद्द्यांइतकाच, खरं तर जास्तच, जोर त्यांच्या व्याकरणावर होता. शूद्रांची गुलामगिरी हा विषय आणि उत्तर काय तर तुमचं वाक्य अशुद्ध.

पेठेतला_पेन्शनर

आली जात, वाटच बघत होतो. अहो मालवणीत, खेड्यापाड्यात, सगळ्या जातींची माणसं गावच्या लहेजातच बोलतात. आणि शहरात वाढलेल्या कुठल्याही जातीच्या तिसऱ्या पिढीचा ण खणखणीत असतो. हा गाव आणि शहर असा फरक आहे, त्यात उगाच जात कालवू नका.

रानवाट

अर्धं मान्य. शहरात तीन पिढ्या काढल्या की ण येतोच, बरोबर. पण शहरात तीन पिढ्यांपूर्वी कोण पोचलं, शाळेत आधी कुणाला घेतलं, मास्तर कोण झाले, छापखान्यात कोण होतं? त्यांच्या घरातलं बोलणं ‘प्रमाण’ ठरलं आणि बाकीच्यांचं ‘बोली’. बहिणाबाई पाठ्यपुस्तकात आहेत, तिथे ‘मानूस’ म्हणजे काव्य. तोच ‘मानूस’ मागच्या बाकावरून आला की मास्तर तोंडावर पुस्तक धरून हसतात.

हेडसेटवाली

तुमचं सगळं वाचून वाटतंय की अजून जुन्याच जगात आहात सगळे. न आणि ण आता कुणाला पडलंय, खरी गाळणी इंग्लिशची आहे. मी एका कॉल सेंटरमध्ये व्हॉइस अँड ॲक्सेंट ट्रेनर आहे, माझं कामच हे. मुलगा आत येऊन ‘कालेज’, ‘डाक्टर’, ‘ब्यांक’ म्हणाला की दहा सेकंदात कळतं मराठी मीडियम, तालुक्याचं ठिकाण. शहरातल्या मराठी मीडियमचा ‘कॉलेज’ म्हणतो पण त्याचा व्ही आणि डब्ल्यू एकच असतो, आणि ‘झीरो’, ‘प्लेझर’ वाल्या झ मध्ये सापडतो. आमच्याकडे याला एमटीआय म्हणतात, म्हणजे मातृभाषेचा इंग्लिशवर राहिलेला डाग, स्कोअर शीटवर त्याचा वेगळा कॉलमच असतो.

पण माझं मत तुमच्या उलट आहे. हे सगळं स्किल आहे, ड्रायव्हिंगसारखं. काही आठवडे घासलं की जातं, मी जाताना बघितलंय. आणि समोरच्या अमेरिकन कस्टमरला तुमचं कोथरूडचं इंग्लिश आणि कोपरगावचं इंग्लिश सारखंच ऐकू येतं बरं का, त्याला दोन्ही तेवढीच वैताग आणतात. मार्केटला जात-बित कळत नाही. रडत बसण्यापेक्षा शिका आणि पगार घ्या.

लेबॉवचा_फॅन

@हेडसेटवाली मार्केटला कळत नाही कसं, सगळ्यात आधी मार्केटलाच कळतं. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लेबॉवचा न्यूयॉर्कमधला १९६२ चा प्रयोग बघा. तीन दुकानं घेतली, सॅक्स महागडं, मेसीज मधलं, क्लाइन स्वस्तातलं. तिथल्या कर्मचाऱ्यांना तो चौथ्या मजल्यावरच्या वस्तूचा पत्ता विचारायचा, म्हणजे उत्तरात ‘फोर्थ फ्लोर’ येणारच, आणि त्यातला र उच्चारला की गिळला ते कोपऱ्यात जाऊन गुपचूप लिहायचा. महागड्या दुकानात निम्म्याहून जास्त लोकांनी कुठेतरी र उच्चारला, स्वस्त दुकानात साधारण पाचात एकाने. आता हे लोक स्वतः काही श्रीमंत नव्हते, विक्रीच्या कामावरचेच होते. गिऱ्हाईक ज्या थरातलं, त्याचा उच्चार जिभेवर चढलेला.

पुढचं जास्त भारी आहे. ऐकू आलं नाही असं दाखवून तो परत विचारायचा, तेव्हा लोक जपून बोलायचे आणि र वाढायचा. सगळ्यात जास्त वाढ मधल्या दुकानात. वरच्याला सिद्ध करायचं नसतं, खालच्याने नाद सोडलेला असतो, मधला घाबरलेला असतो (हे शेवटचं वाक्य माझं, लेबॉवच्या माथी मारू नका).

आणि गंमत म्हणजे समुद्र ओलांडून इंग्लंडला जा, तिथे उलटं. तिथे असा र गिळणं हे वरच्या वर्गाचं लक्षण, आणि तो स्पष्ट उच्चारणारा म्हणजे शेतकरी गडी. एकच र. तिकडे दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशायरी (उत्तर इंग्लंडमधल्या) हेलाच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं, तर लोकांच्या तक्रारी सुरू, या आवाजातली बातमी खरी वाटत नाही म्हणून! बातमी तीच, युद्ध तेच.

माजी_मास्तर

हे लेबॉव प्रकरण वाचून माझंच म्हणणं पक्कं झालं. र ची किंमत समाजाने ठरवली असेल, मान्य, पण किंमत आहे ना? मग ती पोराच्या खिशात घालायची की समाज बदलेपर्यंत त्याला बाहेर उभं करायचं?

आईची_माया

मी मधेच बोलते, कुणी विचारलं नाही तरी. आमच्या सोसायटीतली इंग्लिश मीडियमची मुलं सरसकट ‘पानी’ म्हणतात, कारण खेळायची भाषा हिंदी. ‘आई, मला पानी दे ना’. ळ चा तर पत्ताच नाही, ‘शाला’ म्हणतात. यांना कुणी अशुद्ध म्हणत नाही, क्यूट म्हणतात, फोनवर आजीला ऐकवतात. आणि त्याच घरात भांडी घासायला येणाऱ्या मावशी ‘पानी गेलं का वो’ म्हणाल्या की बाई आत जाऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवते. काका, आता यात गाव-शहर कसं बसवायचं?

पेठेतला_पेन्शनर

त्या मुलांचंही अशुद्धच, मी तरी क्यूट म्हणत नाही. माझ्या नातीला रोज टोकतो, घरात सगळे माझ्यावरच ओरडतात.

आईची_माया

टोकता ना, पण तिचं पुढे काही अडणार नाही हे तुम्हालाही माहितीये. मावशींच्या मुलीचं अडेल.

चावडीवरचा

@माजी_मास्तर किंमत खिशात घाला गुरुजी, शंभर वेळा घाला. माझी तक्रार किंमत लावणाऱ्यांबद्दल आहे आणि ते तुमच्या वर्गात कधी बसलेच नाहीत, त्यांना आरसा कोण दाखवणार?

@हेडसेटवाली ताई, एक विचारायचं राहिलं. स्किल आहे, घासलं की जातं म्हणता. मग घासायला मिळतं ते निवड झाल्यावरच ना? ज्या पोरांच्या शीटवर पहिल्याच राउंडला एमटीआयच्या कॉलममध्ये काट बसते, त्यांना कारण सांगता का तुम्ही?

हेडसेटवाली

नाही. ‘एचआर कळवेल’ असं सांगायचं असतं.

चावडीवरचा

आणि कळवतात?

हेडसेटवाली

सिलेक्ट झालेल्यांना.