अनुभव धागा : मॅप, हवामान आणि गाडीवरचं सामान

युद्धाच्या गेममध्ये कुठली गाडी घ्यायची यावर तासन्‌तास वाद घालणारी मंडळी तिच्यावर काय बसवायचं हे मात्र एकदाच ठरवतात आणि तोच संच वाळवंटात, बर्फात, धुक्यात सगळीकडे फिरवतात. या धाग्यात परिस्थितीप्रमाणे सामान कसं बदलायचं ते लिहा. खेळ कुठलाही चालेल. किती गाड्या उडवल्या ते नको. परिस्थिती, सामान, आकडा आणि कारण हवं.

* * *

वर्ल्ड ऑफ टँक्स या रणगाड्यांच्या ऑनलाइन गेमपासून सुरुवात करतो. इथे पाऊस-धुकं नुसतं देखाव्याचं. खरी परिस्थिती म्हणजे मॅप किती मोकळा, झुडपं किती आणि जमीन कसली.

मोकळ्या मॅपवर (प्रोखोरोव्का, मालिनोव्का) सगळा खेळ दिसण्याच्या अंतराचा. सूत्र असं: व्ह्यू रेंजमधून (आपल्या गाडीला किती मीटरपर्यंत दिसतं तो आकडा) ५० वजा करा, त्याला समोरच्याच्या कॅमोने (लपण्याची टक्केवारी) गुणा आणि आलेला आकडा व्ह्यू रेंजमधून वजा करा. समोरचा ४० टक्के कॅमो घेऊन बसलाय आणि तुमची रेंज ४०० आहे, तर तो २६० मीटरवर दिसेल. साधे कोटेड ऑप्टिक्स (सुधारित भिंगं) १० टक्के देतात, म्हणजे रेंज ४४० आणि अंतर २८४. दुर्बीण २५ टक्के देते, म्हणजे ५०० आणि ३२०. साठ मीटरचा फरक, आणि सहसा त्याच साठ मीटरमध्ये पहिली गोळी कोणाची ते ठरतं. ‘४४५ च्या वरची रेंज फुकट जाते’ असं जे सांगितलं जातं ते अर्धवट आहे. ४४५ ही शोधण्याची कमाल मर्यादा खरी, पण लपलेल्या गाडीसाठी सूत्रात पूर्ण आकडा धरला जातो.

दुर्बीण आणि कॅमोची जाळी दोन्ही ३ सेकंद स्थिर राहिल्यावरच चालू होतात. सारखी पळणारी स्काउट गाडी असेल तर ऑप्टिक्सच घ्या. आणि गोळी झाडणार असाल तर झुडपाच्या १५ मीटर मागे सरका. त्याच्या आतलं झुडूप झाडतेवेळी आडोसा देत नाही.

* * *

वरच्याला पुस्ती. हिमेल्सडॉर्फसारख्या शहरी मॅपवर ५० मीटरच्या आत आलेली गाडी भिंतीआडूनही आपोआप दिसते, त्यामुळे दुर्बिणीची जागा वाया जाते. तिथे व्हेंटिलेशन (गाडीतल्या माणसांची कुशलता वाढते), स्टॅबिलायझर (चालताना नेम टिकतो), हार्डनिंग (गाडी जास्त मार सोसते). मॅप तर रांगेतून लढाईत गेल्यावरच कळतो; म्हणून वरच्या टिअरच्या (श्रेणीच्या) गाड्यांना फील्ड मॉडिफिकेशनमधून (गाडीत टप्प्याटप्प्याने उघडणारे बदल) दुसरा इक्विपमेंट संच उघडून ठेवा, काउंटडाउनमध्ये अदलाबदल करता येते. एक संच मोकळ्या मॅपचा, एक गल्लीबोळाचा.

जमिनीचं म्हणाल तर प्रत्येक गाडीला कठीण, मध्यम आणि मऊ जमिनीचे वेगळे अवरोध दिलेले असतात. मऊ जमिनीचा आकडा कठीणच्या दुप्पट असेल तर इंजिनाची ताकद तिथे निम्मीच उरली असं समजा. साधा टर्बोचार्जर ७.५ टक्के देतो. त्याने दलदल भरून निघत नाही; रस्ता बदलणं स्वस्त पडतं.

* * *

चिखल खरा बघायचा तर कॉम्बॅट मिशन हा खेळ. तिथे जमीन कोरडी, दमट, ओली की चिखलाची ते मिशनच्या माहितीतच दिलेलं असतं, आणि गाडी आधी ‘रुतली’ होते, मग सुटते तरी किंवा कायमची अडकते तरी.

इथे चिलखताची जाडी बघून गाडी निवडू नका, जमिनीवरचा दाब बघा. अरुंद पट्ट्यांचा जुना अमेरिकन शर्मन रणगाडा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब देतो. त्याचाच रुंद पट्ट्यांचा ‘ईझी एट’ हा प्रकार पाऊण किलोच्या आसपास. पट्टा ४२ सेंटिमीटरवरून ५८ वर गेला, मुख्य फरक तिथला. जर्मन टायगरचे लढाईचे पट्टे ७२.५ सेंटिमीटरचे, आणि रेल्वेच्या डब्यातून बाहेर येऊ नयेत म्हणून वाहतुकीला वेगळे ५२ सेंटिमीटरचे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर तोफांपेक्षा पट्ट्यांकडे बघा, निम्मा विषय तिथेच उलगडतो.

ओल्या जमिनीवर पूर्ण पलटण एका रेषेत शेतात घालू नका. एक गाडी पुढे काढा, ती पार झाली की बाकीच्या. ट्रक आणि चाकाच्या गाड्या रस्ता सोडूच देऊ नका.

* * *

अंधारावर कोणी लिहीत नाहीये म्हणून. ‘गनर, हीट, पीसी!’ या रणगाड्यांच्या खेळात रात्रीची मोहीम घेतली की गाड्यांची उतरंड उलटी होते. सोव्हिएत बनावटीचा टी-७२एम दिवसा भक्कम, पण रात्रीची त्याची दुर्बीण इन्फ्रारेड सर्चलाइटवर अवलंबून आणि तिचा पल्ला काही शे मीटरचाच. त्याच्यासमोर अमेरिकन एम-६०ए३ टीटीएस चिलखताने कमी असूनही थर्मलमुळे (उष्णतेवरून चित्र दाखवणारी दुर्बीण) वरचढ. म्हणून निवडीची संधी असेल तेव्हा रात्री आधी दुर्बीण बघा, चिलखत नंतर.

सर्चलाइट चालू करणं म्हणजे समोरच्या प्रत्येक नाइट व्हिजनवाल्याला स्वतःचा पत्ता देणं. वॉर थंडर या गेममध्येही हेच. एक गाडी दिवा लावते, बाकीच्या विझवून तिच्या उजेडात बघतात. दिवेवाली थोड्या थोड्या वेळाने जागा बदलते.

थर्मल म्हणजे सगळं दिसणार असंही नाही. दाट धुक्यात आणि जोराच्या पावसात त्याचाही पल्ला घटतो. सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास जमीन आणि लोखंड यांचं तापमान जवळजवळ सारखं होतं आणि चित्र सपाट दिसतं. हे ज्या खेळात नीट बसवलंय तिथे त्या वेळी साध्या दिवसाच्या दुर्बिणीवर परत या. धुराच्या नळकांड्यांबाबतही तेच: सगळा धूर थर्मल अडवत नाही, इंजिनातून सोडलेला तर नाहीच.

* * *

धूळ आणि लेसर. स्टील बीस्ट्स या रणगाड्यांच्या सिम्युलेटरमध्ये अमेरिकन एम-१ च्या गनरला लेसरने अंतर मोजताना परतीचा पहिला सिग्नल घ्यायचा की शेवटचा हे निवडता येतं. समोर धूळ, गवत, फांद्या असतील तर शेवटचा. नाहीतर अंतर फांदीचं येतं आणि गोळी अलीकडे पडते. लक्ष्यामागे टेकडी आहे आणि किरण कडेने निसटतोय, तर पहिला. नाहीतर अंतर टेकडीचं येतं. आलेला आकडा डोळ्याने ताडून बघा: समोरची गाडी हजारभर मीटरवर वाटतेय आणि यंत्र २६० म्हणतंय, तर पुन्हा लेसर मारा.

* * *

हेलिकॉप्टर चालत असेल तर डीसीएस हा उड्डाणाचा सिम्युलेटर. इथे हवामान म्हणजे थेट वजन.

समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश, दर हजार फुटांना २ अंश कमी. प्रत्यक्ष तापमान प्रमाणापेक्षा जितके अंश जास्त, तितक्यांदा साधारण १२० फूट उंचीत मिळवा. अफगाणिस्तान मॅपवरचं बगराम ४,८९५ फुटांवर. तिथे प्रमाण तापमान ५ अंशांच्या थोडं वर, आणि मिशनमध्ये ३५ दिलंय. फरक ३० धरा, म्हणजे ३,६०० फूट. तुमचं हेलिकॉप्टर धावपट्टीवर उभं असतानाच साडेआठ हजार फुटांवर असल्यासारखं वागणार.

एमआय-८ या रशियन वाहतूक हेलिकॉप्टरला अशा वेळी रॉकेटांच्या चार शेंगांऐवजी (पॉड) दोन. २० रॉकेटांची भरलेली बी-८ शेंग साडेतीनशे किलोच्या घरात जाते. दोन काढल्या की ७०० किलो वाचले. त्यानंतर इंधन: जायचं-यायचं अंतर मोजून वर अर्ध्या तासाचं ठेवा, टाकी काठोकाठ नको. उभं उचलायच्या भानगडीत न पडता धावत उड्डाण घ्या, एमआय-२४ या हल्ल्याच्या हेलिकॉप्टरला तर नक्कीच.

धुळीच्या तळावर इंजिनाची धूळरोधक यंत्रणा चालू हवी, पण ती इंजिनाचीच हवा खाते आणि ताकद थोडी घटवते. म्हणून उतरताना-उडताना चालू, वर स्वच्छ हवेत बंद. बर्फरोधकाचंही तसंच: एमआय-८ ला ५ अंश किंवा कमी आणि सोबत ढग-पाऊस असेल तेव्हाच. नुसती थंडी आहे म्हणून लावून ठेवलं तर डोंगरात ऐन वेळी कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर उचलणारा दांडा) पुरत नाही, रोटरचे फेरे कमी होतात आणि लोक कंट्रोलरला शिव्या घालतात.

* * *

रात्रीच्या डीसीएस मिशनला तारीखही बघा. चंद्राच्या कला खऱ्या तारखेप्रमाणे असतात. अमावस्येच्या आसपास नाइट व्हिजन चष्म्यात दरी आणि उतार वेगळे ओळखू येत नाहीत. त्या रात्री उंची जास्त ठेवा, आणि थर्मलवालं अपाची उपलब्ध असेल तर चष्म्याच्या भरवशावरचं एमआय-२४ हँगरमध्येच राहू द्या.