लिफ्टमधील सिरियल वायरिंग: निर्णय नेमका कोण घेतो?

गंगापूररोडकर:
आमच्या सात मजली इमारतीच्या लिफ्टचे जुने रिले पॅनेल (विद्युतचुंबकी स्विचांवर चालणारे नियंत्रण) काढण्याचे ठरले आहे. नव्या प्रस्तावानुसार केबिनच्या छतावर, केबिनमधील बटणांमागे आणि प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र मायक्रोप्रोसेसर असलेली कार्डे बसतील व ती सारी एकाच तारजोडीवरून मशिन रूममधील मुख्य कंट्रोलरशी संपर्क साधतील; यालाच ते सिरियल वायरिंग म्हणतात. त्यांचे संदेश एकमेकांत मिसळत कसे नाहीत, आणि एखादे कार्ड बिघडल्यास दार उघडे असताना केबिन हलणार नाही कशावरून?

सातपूर_विद्युत:
अशा लिफ्टमध्ये बहुधा कॅन बस, म्हणजे एकाच तारजोडीवरून अनेक कार्डांनी संदेश पाठवण्याची पद्धत, वापरतात. ही पद्धत बॉश कंपनीने 1986 मध्ये मोटारगाड्यांसाठी जाहीर केली. तीच बॉश, जिचा कारखाना आपल्या नाशिकच्या सातपूरला आहे. प्रत्येक संदेशाच्या आरंभी त्याचा क्रमांक असतो. दोन कार्डांनी एकाच क्षणी संदेश सुरू केला, तर दोघेही तारेवरील प्रत्येक बिट (0 किंवा 1) वाचत राहतात. आपण 1 पाठवला असताना तारेवर 0 दिसला की ते कार्ड तिथेच थांबते आणि लहान क्रमांकाचा संदेश अखंड पुढे जातो. थांबलेले कार्ड वाट मोकळी होताच पुन्हा पाठवते. म्हणून केबिनच्या स्थितीसारख्या तातडीच्या संदेशांना लहान क्रमांक देतात, मजल्यावरील दिव्यांना मोठे.

मजल्याचे कार्ड फक्त ‘बटण दाबले’ एवढेच कळवते. कोणत्या मजल्यावर आधी थांबायचे हे मुख्य कंट्रोलर ठरवतो, तर मोटरचा वेग एन्कोडर (मोटरचे फिरणे मोजणारे साधन) पाहून ड्राइव्हमधील (मोटरला वीज पुरवणाऱ्या यंत्रातील) प्रोसेसर सांभाळतो. त्यामुळे तिसऱ्या मजल्याचे कार्ड बंद पडले, तर सहसा त्याच मजल्याचे बटण निकामी होते.

इंदिरानगर_देखभाल:
दाराचा मुद्दा या संदेशांवर सोडलेलाच नसतो, आणि ठेकेदार नेमके हेच सांगायला विसरतात. सर्व मजल्यांच्या दारांची कुलपे, केबिनच्या दाराचा संपर्क, गव्हर्नरचा (केबिनचा वेग जास्त झाल्यास ओळखणाऱ्या यंत्राचा) स्विच आणि खड्ड्यातील स्टॉप बटण एकामागोमाग एका स्वतंत्र साखळीत जोडलेले असतात. त्यातील एकही संपर्क तुटला की कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारे मोठे स्विच) सुटतात, मोटरचा पुरवठा जातो आणि ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर बसतो, कारण ब्रेक उघडा ठेवण्यासाठीच वीज लागते. प्रोसेसर ही साखळी वाचतो. तिला डावलण्याची मुभा त्याला नसावी. प्रस्तावातील वायरिंगच्या नकाशावर ही साखळी वेगळी दाखवली आहे का, ते आधी पाहावे.

गंगापूररोडकर:
नकाशा मागवतो. काम पूर्ण झाल्यावर तारजोडीची तपासणी आम्हाला समजेल अशी काही आहे का?

सातपूर_विद्युत:
आहे. तारजोडीच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध असतो. पुरवठा बंद करून त्या दोन तारांमध्ये मीटर लावायला तंत्रज्ञाला सांगा. सुमारे 60 ओहम दिसले पाहिजेत. 120 दिसले तर एका टोकाचा रोध बसवलेला नाही किंवा तार मध्येच तुटली आहे.