मदत हवी आहे: मुस्लिम दफनभूमी आणि विहिरीच्या पाण्याचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीलगत मुस्लिम दफनभूमीचा प्रस्ताव आलाय. काल शेजारचे काका विरोधाचा अर्ज घेऊन आले. कारण एकच लिहिलंय, ‘विहिरींचं पाणी दूषित होईल’. खाली बावीस सह्या होत्या. मी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

पाण्याची काळजी मलाही आहे, विहीर आमचीही आहे. पण अशा दफनभूमीला विरोध इतरत्रही झालेला दिसतो, कधी याच कारणाने. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या स्टॅफर्ड काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) दफनभूमी खासगी विहिरींपासून 900 फूट लांब हवी, अशी अट घातली होती. 2020 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्याने काउंटीवर दावा लावला आणि पुढे ती अट मागे घेतली गेली. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या सेंट-अपोलिनेर गावात 2017 मध्ये मतदान झालं, 19 विरुद्ध 16 मतांनी दफनभूमी नाकारली गेली. तीन मतांनी! त्याच वर्षी जानेवारीत क्वेबेक सिटीच्या मशिदीत गोळीबारात सहा माणसं गेली होती. हे वाचून पोटात कालवलं.

भूजल किंवा सिव्हिलमधलं कुणी आहे का इथे? मृतदेह रसायनं न भरता, कफनात, बरेचदा पेटीशिवाय पुरतात. त्याने पाण्याला धोका वाढतो की कमी होतो? पाण्याची पातळी, मातीचा प्रकार, यातलं आधी काय तपासून घ्यावं? आणि पाणी ठीक निघालं, तर काकांशी कसं बोलू? माणूस वाईट नाही, आमच्या अडीअडचणीला तेच धावून येतात.

रविवारी बैठक आहे, त्याआधी सांगाल का?