मदत हवी आहे: अर्ध्यावर संपणाऱ्या सुपरहीरो पिच्चरचं परीक्षण कसं लिहू?

नागपुरी मामा:

मंडळी, नमस्कार. धाग्यात रहस्यभेद भरपूर आहे. 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' पाहायचा बाकी असेल तर इथूनच परत फिरा.

मी नागपूरचा, मानेवाड्याकडे राहतो. आमच्या वस्तीतल्या लहानशा वाचनालयात मुलं दर महिन्याला भिंतीवर एक हस्तलिखित पत्रक लावतात. आमच्याकडे शाळा जून संपत आल्याशिवाय उघडत नाहीत. तोवर सगळे पोट्टे दुपारभर तिथे कुलरसमोर पडलेले असतात. या वेळी त्यांना पिच्चरचं परीक्षण पाहिजे, आणि ते मामानेच लिहिलं पाहिजे. मामा म्हणजे मी. एका भाच्यापायी अख्ख्या वस्तीचा मामा झालो आहे.

पिच्चरही त्यांनीच ठरवला, २०२३ चा, आणि तोही दुसरा भाग. पहिला २०१८ चा, ज्याला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं. तो मी आदल्या रात्री गृहपाठ म्हणून पाहून घेतला आणि खरं सांगतो, आवडला. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा लावला. दोन तास वीस मिनिटं. शेवटाला तो नायक माईल्स भलत्याच विश्वात जाऊन पडतो, तिथे त्याला बांधून ठेवलेलं आहे, मैत्रीण ग्वेन मंडळी गोळा करून सोडवायला निघते, संगीत चढत जातं आणि एकदम पडदा काळा. मला वाटलं लाइन गेली. पण कुलर तर चालू. मग वाटलं नेट अडकलं. मी रिमोटचं मागचं झाकण काढून सेल फिरवून बसवायला लागलो.

भाचा थोडा वेळ बघून राहिला. मग म्हणाला, "मामा, काय करून राहिला तू? संपला नं पिच्चर."

खाटेवरून आई म्हणाली, "असा कसा संपला? त्या पोराला सोडवलं कुठं अजून?"

तर अडचण अशी. मी ६०० शब्दांचा खर्डा लिहिला. त्यात सव्वाचारशे शब्द पहिल्या भागाची गोष्ट सांगण्यातच गेले. ती सांगितल्याशिवाय दुसरा कळत नाही, आणि सांगत बसलो तर दुसऱ्याला जागा उरत नाही. शिवाय जो पिच्चर संपलाच नाही त्याला चांगला म्हणू की वाईट? आणि त्यातली चित्रं पाहून डोळे दिपले, पण कागदावर "चित्रं छान आहेत" यापलीकडे माझी गाडी जात नाही. भाच्याने खर्डा वाचून "मामा, हे परीक्षण नाही, हजेरीपत्रक आहे" असा शेरा मारला. शनिवारी संध्याकाळी पत्रक लागतं. सुचवा काही.

बर्डीवाला:

मामा, रिमोटचे सेल फिरवले ना तुम्ही, परीक्षण तिथूनच सुरू करा. शेवट कसा आहे तेही कळतं आणि नेमकं काय होतं तेही फुटत नाही.

पहिल्या भागाचं म्हणाल तर वाचणाऱ्याला दोनच गोष्टी ठाऊक असल्या की पुरे. ब्रुकलिनच्या माईल्स मोरालेस नावाच्या पोराला कोळी चावला, आणि इतर विश्वांमध्येही त्याच्यासारखे स्पायडर-मॅन आहेत. बस. बाकीचं त्याचं त्याला पिच्चरमध्ये कळेल.

स्पष्टच बोलतो:

चांगलं की वाईट हा प्रश्नच कुठे येतो? पूर्ण तिकीट घेऊन अर्धी गोष्ट दाखवली. हॉटेलात भाजी वाढली आणि पोळी पुढच्या वर्षी देतो म्हणाले तर तुम्ही चवीचं परीक्षण लिहाल का? लिहा सरळ, फसवणूक आहे म्हणून.

निळी शाई:

वर 'फसवणूक' म्हटलंय त्यावरून आठवलं. २०२१ च्या डिसेंबरात या सिनेमाचं नाव पहिल्यांदा जाहीर झालं तेव्हा त्यात 'पार्ट वन' होतं. पुढच्या वर्षी ते काढून टाकलं आणि तिसऱ्याला 'बियाँड द स्पायडर-व्हर्स' असं वेगळंच नाव दिलं. तो मार्च २०२४ मध्ये येणार होता, पण लांबणीवर पडला. तेव्हा राग असेल तर तो त्या पाटीवर काढा, सिनेमावर नको. वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच सांगून टाका की गोष्ट इथे पुरी होत नाही. याला रहस्यभेद म्हणत नाहीत, घरच्यांना कधी परतणार ते सांगून निघण्यासारखं आहे ते.

आता मामा, पुन्हा एकदा आठवून बघा. सिनेमा सुरू होतो तो माईल्सवर नाही. ग्वेन ड्रम वाजवते आहे, बँडशी तिचं बिनसतं, पुढे पोलीस अधिकारी असलेला तिचा बाप तिच्यावरच पिस्तूल रोखतो आणि ती घर सोडते. शेवटी ती त्याच घरी, त्याच बापासमोर येऊन उभी राहते, आणि मग स्वतःचा चमू जमवते. म्हणजे माईल्सची गोष्ट लटकलेली असली तरी ग्वेनची घराबाहेर पडून घरापर्यंत आलेली आहे. मला तरी हा सिनेमा तिचाच वाटतो. हे लिहिलंत की "संपला की नाही" याचं उत्तर तुमच्यापुरतं मिळून जातं.

दुसरं, दुसऱ्या भागाने पहिल्याचं काय केलं ते पाहा. पहिला म्हणत होता, मुखवटा कोणीही घालू शकतो. दुसऱ्यात सगळ्या विश्वांतल्या स्पायडर-मॅनांचा म्होरक्या मिगेल ओहारा त्याच पोराला तोंडावर सांगतो की तू स्पायडर-मॅन व्हायलाच नको होतास, तुला चावलेला कोळी दुसऱ्याच विश्वातला होता. पहिल्या भागात कमावलेलं सगळं त्याच्या हातून काढून घेतलं. मोठे स्फोट आणि जास्त पात्रं घालून दुसरा भाग काढणारे ढिगाने आहेत, पहिल्याच्या उत्तरावर बोट ठेवणारे थोडे.

आणि चित्रांबद्दल "छान" लिहू नका. एक प्रसंग घ्या आणि तेवढाच लिहा. मी असते तर ग्वेन आणि तिचा बाप शेवटी बोलतात तो घेतला असता.

नागपुरी मामा:

निळी शाई, तुम्ही सांगितलेला प्रसंग काल रात्री पुन्हा लावून बघितला. चार वेळा मागे नेला. ग्वेनचं विश्व सगळं जलरंगात आहे एवढं आधी कळलं होतं. पण बापलेकीत बोलणं चालू असताना मागच्या भिंतीचे रंग ओघळतात, ओल्या कागदावर जास्त पाणी पडलं की ओघळतात तसे, हे मी पहिल्यांदा पाहिलंच नव्हतं. तो तिला जवळ घेतो तेव्हा सगळं उजळतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला असं झालं की आम्ही मार खायचो.

'स्पष्टच बोलतो' यांना एक विचारतो. आमच्या लहानपणी साप्ताहिकात कादंबरी यायची, खाली 'क्रमशः' लिहिलेलं असायचं. कोणी पैसे परत मागायला गेलं नाही.

स्पष्टच बोलतो:

'क्रमशः' लिहिलेलं असायचं ना? इथे नावातून तेच तर पुसून टाकलं. माझं म्हणणं तेवढंच आहे. बाकी ग्वेनवाला मुद्दा मला आधी सुचला नव्हता, हे कबूल.

वेताळभक्त:

मुंबटनबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेलं ते शहर, आणि तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर. हा या सिनेमासाठी घडवलेला नाही. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी त्याची कॉमिक्स काढली, त्यात तो धोतर नेसून उड्या मारायचा. सिनेमातल्या मुंबटनचं चित्रण जुन्या इंद्रजाल कॉमिक्सवरून बेतलेलं आहे. मामा, तुमच्या वयाच्या माणसाला हे ओळखू आलं नाही म्हणजे कमाल आहे.

भारतात हा १ जून २०२३ ला मराठीसकट १० भाषांत लागला होता. हिंदी आणि पंजाबीत पवित्रला शुभमन गिलचा आवाज आहे.

नागपुरी मामा:

वेताळभक्त, आता कान पकडतो. बर्डीच्या फुटपाथवर जुनी इंद्रजाल घेऊन वाचलेला माणूस मी. वेताळ, मँड्रेक, आबिद सुरतींचा बहादूर, सगळं पाठ. मुंबटन आल्यावर पोटात काहीतरी ओळखीचं हललं होतं, पण मी ते ट्रॅफिकवर खपवलं. १९९० ला इंद्रजाल बंद झालं तेव्हा इतकं वाईट वाटलं होतं, आणि ते समोर उभं राहिलं तर ओळखू आलं नाही.

आईला मात्र तो प्रसंग पार पटला. माईल्स "चाय टी" म्हणतो आणि पवित्र भडकतो की चाय म्हणजेच टी, तू टी-टी म्हणतो आहेस, तिथे ती एवढी हसली की तिच्या हातातला चहा सांडला.

एक अडचण उरते. मुंबटनमध्ये माईल्स इन्स्पेक्टर सिंगला वाचवतो आणि तिथूनच सगळी भानगड सुरू होते, कारण मिगेलच्या हिशेबाने स्पायडर-मॅनच्या जवळचा एक पोलीस कप्तान मरायलाच पाहिजे. माईल्सचा बापही कप्तान होणार आहे. हे लिहिलं नाही तर पोरगा घराकडे का पळतो ते कळत नाही. लिहिलं तर भाचा म्हणतो, "सगळं फोडलं तू."

निळी शाई:

"एक माणूस वाचवला की सगळं जग फाटतं असं त्याला सांगतात, आणि तो माणूस त्याच्या घरातला निघतो." इथेच थांबा. बाप म्हणू नका, कप्तान म्हणू नका. ग्वेनच्या बापाचं शेवटी काय होतं तेही नको, कारण मिगेलचा नियम मोडू शकतो हे तिथेच कळतं.

बर्डीवाला:

आणि खलनायक विसरू नका मामा. अंगभर भोकं असलेला तो स्पॉट सुरुवातीला दुकानातलं एटीएम चोरायला जातो, तेही जमत नाही त्याला. पहिल्या भागात माईल्सने ज्याला बेगल फेकून मारला होता तोच हा. बेगल म्हणजे मधे भोक असलेला पाव, हे पोरांना सांगा, खूश होतील. शेवटाला त्याचीच भीती वाटायला लागते.

नागपुरी मामा:

नवा खर्डा ३८० शब्दांचा झाला. सुरुवात टाकतो:

"पिच्चर संपला तेव्हा मी रिमोटचे सेल फिरवत होतो. ही गोष्ट इथे पुरी होत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही माझ्यासारखं करणार नाही. पण यात एक मुलगी भांडून घर सोडते आणि शेवटी घरी येते. तिची गोष्ट पुरी आहे. ती बापाशी बोलते तेव्हा मागची भिंत कशी ओघळते तेवढी बघा."

स्पॉटला दोन ओळी दिल्या, इंद्रजालला चार. चार जास्त होतात हे मला कळतं, पण त्या मी काढणार नाही.

भाच्याने वाचलं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि म्हणाला, "आता चालते." तारे किती द्यायचे यावर वाचनालयात अजून भांडण चालू आहे. मी साडेतीन म्हटलं, पोट्टे पाचच्या खाली यायला तयार नाहीत, आणि सोनेरी स्केचपेन त्यांच्याकडे आहे.