मर्ल ट्रॅव्हिस: काय ऐकावं, अंगठा कसा बसवावा? (सल्ला हवा)

घाटमाथा:
साध्या कॉर्ड आणि स्ट्रमिंग व्यवस्थित जमतं. आता अमेरिकी कंट्री गायक-गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिससारखं वाजवायला शिकायचं आहे: अंगठ्यानं खर्ज, तर्जनीनं चाल, आणि वर गाणंही. सुरुवात कोणत्या रेकॉर्डपासून करावी? थंबपिक (अंगठ्यात घालायची नखी) कसं निवडावं? आणि ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ म्हणून व्हिडिओत जो साचा शिकवतात तो त्याच्या वाजवण्यासारखा का वाटत नाही? घरी स्टीलच्या तारांची अकूस्टिक आणि नायलॉनची क्लासिकल, दोन्ही आहेत.

खर्जतार:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. व्हिडिओतला साचा म्हणजे एकेका तारेवर ठरलेल्या क्रमानं पडणारी बोटं. ट्रॅव्हिसचा अंगठा एकेक तार वेचत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला तो खर्जाची तार मारतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला चौथी-तिसरी तार (सर्वांत जाड ती सहावी) एकदम, छोट्या स्ट्रमसारखी. म्हणजे बेस आणि ऱ्हिदम गिटार, दोघांचंही काम एकटा अंगठा करतो. तर्जनी वरच्या तारांवर मोकळी राहते आणि चाल म्हणेल तिथे पडते. साचा असा नाहीच. अंगठा पक्का आणि तर्जनी स्वतंत्र, एवढंच.

दुसरी अर्धी गंमत उजव्या तळहाताची. अंगठ्याखालची गादी ब्रिजच्या सॅडलवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) अशी टेकवा की सहावी आणि पाचवी तार किंचित दबेल. दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकलात तर सूर मरून नुसता ‘ठक’ उरतो. सॅडलच्या मागे गेलात तर काहीच दबत नाही. सूर ओळखू आला पाहिजे, पण लांबता कामा नये. खर्ज दबका राहिला तरच वरची चाल उठून दिसते.

मिझराब:
थंबपिकबद्दल. प्लास्टिकचंच घ्या, स्मॉल-मीडियम-लार्ज असे माप असतात, दुकानात घालून बघा. पाच मिनिटांत अंगठ्याचं टोक जांभळं पडलं तर घट्ट आहे. जोरात मारल्यावर फिरलं तर सैल. घट्ट असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून मऊ करा, हव्या त्या जाडीच्या पेनावर बसवून गार होऊ द्या. पातं लांब असलं की तारेखाली अडकतं आणि लय तिथेच तुटते. नेलफाईलनं थोडं थोडं घासून आखूड करा आणि कड गोल ठेवा.

शिकताना स्टीलचीच गिटार वापरा. क्लासिकलचा नट (मानेच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) साधारण ५२ मिलिमीटर रुंद असतो, स्टीलवालीचा ४३ च्या आसपास. ट्रॅव्हिस डावा अंगठा गिटारच्या मानेवरून आणून सहावी तार दाबायचा. ५२ वर ते बहुतेक हातांना झेपत नाही. तारा ०११ चा संच (पहिली तार ०.०११ इंच जाड) पुरे.

जुनी_तबकडी:
ऐकायचा क्रम माझ्या मते असा. आधी ‘फोक साँग्स ऑफ द हिल्स’. १९४६ मध्ये कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण, १९४७ मध्ये ७८ आरपीएमच्या तबकड्यांचा संच म्हणून आलं. एकटा माणूस, एक गिटार, मधूनमधून बोलून करून दिलेली ओळख. अंगठा इतका स्वच्छ दुसरीकडे ऐकू येत नाही. ‘सिक्स्टीन टन्स’ आणि ‘डार्क अ‍ॅज अ डंजन’ इथलीच.

गाणी समजायची तर माणूस कुठला ते माहीत हवं. जन्म १९१७, केंटकीतल्या म्यूलनबर्ग काउंटीत, कोळसा खाणींच्या मुलखात, वडील खाणकामगार. मजुरी कंपनीच्या टोकनांत मिळायची आणि ती कंपनीच्याच दुकानात चालायची, त्यामुळे कर्ज फिटत नसे. ‘सिक्स्टीन टन्स’च्या धृपदात वडिलांच्या तोंडचं बोलणं आणि भावाच्या पत्रातलं वाक्य आहे. हे ठाऊक असलं की ते गाणं कोणी उड्या मारत म्हणणार नाही. टेनेसी अर्नी फोर्डनं १९५५ मध्ये ते गाऊन प्रचंड गाजवलं, पण गिटार शिकायला तो अवतार उपयोगाचा नाही.

‘फोक साँग्स’च्याच काळात ट्रॅव्हिसची ‘डिव्होर्स मी सी.ओ.डी.’सारखी खट्याळ, नाचती गाणीही लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. तीही ऐका, नाहीतर गायक अर्धाच कळेल. नुसती गिटार हवी तर १९५६ चा ‘द मर्ल ट्रॅव्हिस गिटार’. आणि बघायचं असेल तर १९५१ ची स्नेडरची (टीव्हीसाठी बनवलेली) छोटी चित्रणं: उजव्या हाताची उरलेली बोटं गिटारच्या अंगावर कशी टेकलेली आहेत ते दिसतं.

घाटमाथा:
फार उपयोगी. रोजच्या सरावाला नेमकं काय घेऊ? आणि मधलं बोट वापरायचं की नाही?

खर्जतार:
‘नाइन पाउंड हॅमर’ हे गाणं ईमध्ये बसवा: ई, ए, बी सेव्हन, बस. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर. आधी फक्त अंगठा.

ई: सहावी, चौथी-तिसरी, पाचवी, चौथी-तिसरी. ए: पाचवी, चौथी-तिसरी, सहावी मोकळी, चौथी-तिसरी. बी सेव्हन: पाचवी, चौथी-तिसरी, मग पाचवीवरचं मधलं बोट उचलून सहावीच्या दुसऱ्या फ्रेटवर, पुन्हा चौथी-तिसरी. हे बोट सरकवणं उशिरा झालं की मोकळी सहावी वाजते आणि खर्ज बेसूर लागतो. म्हणून तेवढी एकच मात्रा वेगळी घोटा.

अंगठा चालू ठेवून मोठ्यानं बोलता आलं, की गा. गाता आलं, की तर्जनी आणा: आधी चालीचा प्रत्येक सूर अंगठ्याच्या बरोबर, चिमटीत. मग एकच सूर निवडून अर्धी मात्रा अलीकडे घ्या. सगळ्यांचं इथेच अडतं, कारण तर्जनी आडमात्रेला गेली की अंगठाही तिच्यामागे जातो. तसं झालं तर वेग ६० वरून ५० करा, सूर कमी करा, पण अंगठा थांबवू नका. १०० पर्यंत सैल हातानं गेलं की मग एफ: अंगठा सहावीच्या पहिल्या फ्रेटवर, तर्जनी आडवी पहिल्या दोन तारांच्या पहिल्यावर, मधलं तिसरीच्या दुसऱ्यावर, अनामिका चौथीच्या तिसऱ्यावर. पाचवी तार अंगठ्याचं टोक नुसतं हलकं टेकवून मुकी करा.

मिझराब:
मधल्या बोटाबाबत माझं मत थोडं वेगळं. ट्रॅव्हिस अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवायचा, हे खरं. पण पुढे नावाजलेला गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स, त्यानं पोरवयात ट्रॅव्हिसला रेडिओवर ऐकलं, बोटं दिसत नव्हती, तेव्हा जास्त बोटं असणार असं धरून अंगठा आणि अधिक बोटांची स्वतःची पद्धत घडवली. दोन्ही रस्ते चालतात.

खर्जतार:
पुढे जरूर. पण पहिले काही महिने एकच बोट ठेवा. एकाच बोटाला सगळे सूर घ्यायचे असले की ते तारेवरून झटक्यानं उचलावं लागतं, आणि ट्रॅव्हिसचा तो टणक, उसळता आवाज त्या झटक्यातून येतो. दोन बोटांनी चाल गुळगुळीत होते. चेटला तेच हवं होतं.

जुनी_तबकडी:
हा फरक कानानं पटवायचा तर १९७४ चा ‘द अ‍ॅटकिन्स-ट्रॅव्हिस ट्रॅव्हलिंग शो’ घ्या, त्याला ग्रॅमीही मिळालं होतं. दोघं एकत्र आहेत. दबका खर्ज आणि तुटक चाल ज्याची तो ट्रॅव्हिस. हेडफोन लावून ऐका.