सल्ला हवा: घरी बांधलेली १६ फुटी शिडाची होडी दाभोळ ते मालवण प्रवासासाठी सज्ज करताना

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. दाभोळच्या खाडीकाठी, घरामागच्या मांडवात, मी आणि माझ्या धाकट्या भावाने प्लायवूड व इपॉक्सीची १६ फुटी शिडाची होडी बांधली आणि गेल्या दसऱ्याला ती पाण्यात उतरवली. रुंदी साडेपाच फूट, रिकामे वजन सुमारे १८० किलो, तळातून खाली सोडता येणारी मधली फळी, एकच डोलकाठी आणि परभानाला (शीड ज्यावर ताणतात त्या तिरक्या काठीला) बांधलेले १० चौरस मीटरचे शीड अशी तिची साधी मांडणी आहे. परभान सिंधुदुर्गातून आणलेल्या माणगा बांबूचे केले. तो बांबू जवळजवळ भरीव असल्याने वाकतो पण पिचत नाही, आणि त्या निवडीबद्दल मी पूर्ण समाधानी आहे.

येत्या माघ महिन्यात आम्हा दोघांना दाभोळहून मालवणपर्यंत, म्हणजे सुमारे ९० सागरी मैल, जायचे आहे. दिवसा शिडावर चालायचे आणि रात्री एखाद्या खाडीत नांगरून होडीतच झोपायचे, असा बेत आहे. सामानासाठी ४० हजार रुपये शिल्लक आहेत. माझ्या यादीत खोली दाखवणारा जीपीएस नकाशासंच, सौर पॅनल व बॅटरी, जुने अडीच अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आणि दोन चांगली लाइफ जॅकेटे आहेत. नांगर आहे, चार दात्यांचा, पाच किलोचा, त्याला २० मीटर पिवळी प्लास्टिकची दोरी. यांपैकी काय आधी घ्यावे, काय सोडून द्यावे आणि यादीत काय राहून गेले आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

सुकती_भरती

होडी पूर्ण केल्याबद्दल आपणा दोघांचे मनापासून अभिनंदन. मी जयगड ते मालवण या पट्ट्यात गेले अकरा हिवाळे १८ फुटी होडी चालवतो आहे आणि त्या अनुभवावरून स्पष्ट सांगतो की आपल्या यादीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच आहे जी आपल्याकडे आधीच आहे असे आपण समजता, म्हणजे नांगर.

चार दात्यांचा नांगर खडकाळ तळावर अडकतो, परंतु आपल्या खाड्यांचा तळ मऊ चिखलाचा किंवा वाळूचा असतो आणि त्यात तो नांगरासारखा रुतण्याऐवजी दाताळ्यासारखा ओढला जातो. चिखलासाठी रुंद पात्यांचा डॅनफोर्थ पद्धतीचा नांगर घ्यावा. आपल्या होडीला पाच-सहा किलोचा पुरे. त्याला पाच मीटर साखळी आणि पुढे नायलॉनची दोरी जोडावी, कारण नायलॉन ताणले जाते आणि लाटेचा हिसका नांगरापर्यंत पोहोचू देत नाही. आपली पिवळी दोरी पाण्यावर तरंगते, दुसऱ्या नावेच्या पंख्यात अडकते आणि उन्हात दोन हंगामांत ठिसूळ होते. ती नांगरासाठी वापरू नये.

दोरीची लांबी कशी काढायची ते पाहू. ओहोटीला दोन मीटर पाणी असलेल्या जागी आपण नांगर टाकला, उधाणाच्या भरतीने ते अडीच मीटर चढले, आणि नाळ (होडीचे पुढचे टोक) पाण्यापासून अर्धा मीटर उंच आहे, तर उंची पाच मीटर झाली. रात्रभर निर्धास्त झोपायचे असेल तर याच्या सातपट, म्हणजे ३५ मीटर दोरी व साखळी मिळून हवी. आपल्याकडील २० मीटर अपुरी आहे. दर पाच मीटरांवर रंगीत दोरा गुंडाळून ठेवावा. अंधारात किती दोरी गेली हे हाताला कळावे म्हणून पहिल्या खुणेला एक, दुसरीला दोन अशा गाठी माराव्यात.

दुसरी गोष्ट शिडाची. १० चौरस मीटरच्या शिडाला, ते गुंडाळून लहान करण्यासाठी बांधायच्या दोऱ्यांच्या दोन ओळी शिवून घेतल्या आहेत का? नसतील तर नकाशासंचाचे पैसे त्यावर खर्च करावेत. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडचा वारा कधीकधी दोन-तीन दिवस जोराने वाहतो आणि त्या वेळी अर्ध्या शिडावर होडी जास्त सरळ आणि बहुधा तितक्याच वेगाने चालते. शीड लहान करण्याचा सराव अंगणात, मग खाडीत, डोळे बांधून करता आला पाहिजे इतका करावा.

तिसरी गोष्ट तरंगण्याची. प्लायवूड स्वतः तरंगेल, पण पाण्याने भरलेल्या होडीत दोन माणसे बसून पाणी उपसू शकतील का, हा खरा प्रश्न आहे. पुढे व मागे मिळून किमान २५० लिटरच्या बंद पोकळ्या असाव्यात आणि होडी पाण्याने भरल्यावरही मधली फळी जिच्यातून खाली सोडतात त्या पेटीचे वरचे तोंड बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून उंच राहावे. ते खाली गेले तर जेवढे उपसाल तेवढे त्या फटीतून परत येईल. कमरेएवढ्या पाण्यात, काठावर माणसे उभी ठेवून, होडी मुद्दाम उलटवून पाहावी. ही परीक्षा झाल्याशिवाय दाभोळचे मुख ओलांडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता यादीबाहेरची, पण माझ्या मते सर्व सामानाहून मोलाची बाब. निघण्याचा दिवस पंचांग पाहून ठरवावा. आपल्याकडचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते; चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पहाटे आणि दुपारी किंवा संध्याकाळी. हा हिशेब मुंबईच्या जवळपास जुळतो, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून छापील भरती-ओहोटीचे तक्ते जवळ ठेवावेतच. पण मर्म पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते आणि त्यानंतरची सारी दुपार ओहोटीची असते. नेमक्या त्याच वेळी वायव्येचा खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, वारा जोर धरतो, बाहेर धावणाऱ्या पाण्याला समोरून भिडतो, आणि खाडीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात ज्यांत मोठा मचवाही आदळतो. याउलट तृतीयेपासून अष्टमीपर्यंत आपण दुपारी पोहोचता तेव्हा भरती आत येत असते, वाराही आत येत असतो, पाणी सपाट असते आणि वाळूच्या दांड्यावर चुकून टेकलात तर वाढते पाणी आपणास उचलते. सकाळी निघतानाही हेच जमते, कारण ओहोटी आणि मतलई वारा दोन्ही समुद्राकडे जात असतात. शिवाय अष्टमीकडे भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटी, जवळ आल्याने प्रवाहही मंद होतात.

तेव्हा तृतीयेला दाभोळ सोडावे आणि जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड व मालवण अशा सहा मुक्कामांनी अष्टमीला पोहोचावे. सर्वांत लांब टप्पा वीस मैलांच्या आसपास आहे. सकाळी साडेसहाला निघून साडेतीन-चार नॉटच्या चालीने दुपारी आत शिरता येईल. दहा-अकराच्या सुमारास मतलई पडते आणि खारा येईपर्यंत तास-दीड तास शीड लोंबते. तेवढ्यात न्याहारी आटपून घ्यावी.

रेवदंडा_खाडी

वरील सल्ला उत्तम आहे. इंजिनाबाबत मात्र थोडे वेगळे सांगतो. १८० किलोच्या होडीला दोन नऊ फुटी वल्ही आणि नीट बसवलेली वल्ह्यांची आडणी पुरेशी आहेत. निवांत पाण्यात दोन माणसे आलटूनपालटून तासाला दोन मैल सहज वल्हवतात. जुने इंजिन नेमके मुखात बंद पडते आणि तोवर आपण वल्ही घरी ठेवलेली असतात.

जाळ्यांविषयी कोणी लिहिलेले नाही. आमच्या रायगडच्या बाजूस प्रवाहात ठोकलेली डोल जाळी असतात. तुमच्या वाटेवर तरंगती जाळी अधिक भेटतील. दोन बावट्यांच्या मधून कधीही जाऊ नये, कारण जाळे त्या दोहोंच्या मध्येच पसरलेले असते. शेवटचा बावटा ओलांडून वळसा घालावा, आणि कळत नसेल तर जवळच्या होडीतल्या तांडेलाला हाक मारून विचारावे. ते जाळे त्याच्या घरची कमाई असते, हे आपण हौसेने फिरणाऱ्यांनी विसरू नये. सुकाणूचे पाते अडथळ्यावर आपोआप वर उचलले जाईल असे बिजागरीवर केलेले आहे ना?

वाघोटन

सामानाच्या दर्जाबद्दल दोन गोष्टी. बाजारातले स्टेनलेस स्टील सगळे सारखे नसते. खाऱ्या पाण्यात ३०४ प्रतीच्या स्टीलला डाग व खड्डे पडतात, म्हणून शिडाच्या व सुकाणूच्या जोडांना ३१६ मागावे. दोन्ही लोहचुंबकाला जवळपास सारखीच वागतात, त्यामुळे चुंबक लावून फरक कळत नाही. बिलावर लिहून घ्यावे. स्क्रूसाठी भोक मोठे पाडून ते इपॉक्सीने भरावे आणि सुकल्यावर त्यात पुन्हा लहान भोक पाडावे. असे केले की स्क्रूच्या वाटेने प्लायवूडच्या थरांत पाणी जात नाही. आयएस ७१० चा (समुद्री प्लायवूडच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेले प्लायवूडसुद्धा उघड्या कडेतून पाणी पिते. आणि इपॉक्सीवर रंग हवाच, उन्हाने ती पिवळी पडून भुकटी होते.

विजयदुर्गास आलात तर किल्ल्याच्या आतल्या बाजूस, वाघोटन खाडीत नांगरावे. तेथे उत्तरेच्या वाऱ्यातही पाणी शांत असते. गिर्ये येथील मराठा आरमाराची गोदी अवश्य पाहावी. भरतीच्या पाण्याने गलबते आत घेऊन ओहोटीला कोरडी करण्याची ती जागा आहे, आणि होडी बांधलेल्या माणसाला ती पाहून जे वाटते ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठवड्यात जे करून पाहिले ते लिहितो. मागील रविवारी भांगाच्या दिवशी खाडीत जुना नांगर टाकला, किनाऱ्यावरच्या माडाकडे पाहून खूण धरली आणि शीड अर्धे उभारून होडी ताणू दिली. माड हळूहळू सरकू लागला. नांगर ओढून काढला तर चारही दात्यांत काळ्या चिखलाचा नारळाएवढा गोळा होता आणि त्याखाली दाते पूर्ण झाकलेले होते. नवा डॅनफोर्थ सहा किलोचा, पाच मीटर साखळी आणि ४० मीटर नायलॉन मागवले आहे.

होडी उलटवूनही पाहिली. ती सरळ झाली, परंतु पेटीचे तोंड पाण्याखाली चार बोटे गेले, म्हणजे आपण सांगितलेला दोष नेमका आमच्या होडीत होता. पेटी सहा इंच उंच करतो आहोत आणि मागच्या बाकाखाली आणखी एक बंद पोकळी बांधतो आहोत. शिडाला दुसरी ओळ शिवायला दिली. नकाशासंच व इंजिन यादीतून काढले. सुकाणूचे पाते उचलले जाते, ती काळजी नाही.

दोन प्रश्न उरले. अंधार पडलाच तर दिव्यांचे काय? आणि परतीचा प्रवास कसा करावा?

सुकती_भरती

पेटीचा दोष खाडीतच सापडला, याचे फार समाधान वाटले.

सात मीटरांहून लहान शिडाच्या नावेला शक्य असल्यास बाजूचे तांबडे-हिरवे आणि मागचा पांढरा असे दिवे लावावेत, अन्यथा पांढऱ्या उजेडाची विजेरी किंवा कंदील हाताशी तयार ठेवून टक्कर टळेल इतक्या आधी दाखवावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शिडावर मारलेला विजेरीचा झोत लांबून दिसतो, म्हणून एक मोठी व एक खिशातली अशा दोन विजेऱ्या घ्याव्यात. सौर पॅनलऐवजी फोनसाठी एक पॉवर बँक जलरोधक पिशवीत पुरते. जयगडजवळ मोठी मालवाहू जहाजे खोल वाटेने येतात. त्यांना चटकन थांबता किंवा वळता येत नाही, तेव्हा त्या वाटेच्या बाहेरून, उथळ बाजूने चालावे. निघण्यापूर्वी दाभोळच्या बंदर कार्यालयात होडीच्या कागदांची चौकशी करून प्रवासाची कल्पना द्यावी, इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज पाहावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असावा.

परतीबद्दल मी आग्रहाने सांगतो की होडी टेम्पोने आणावी. जो वायव्येचा वारा जाताना पाठीशी असतो तोच येताना नाकासमोर येतो आणि रोजची चाल केवळ सकाळच्या मतलईवर उरते. सहा दिवसांचे बारा होतात आणि वाटेतच पुन्हा उधाण गाठते. मालवणास शिरताना सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांतून आपले आपण वाट शोधू नये. किल्ल्याच्या बाहेर, मोकळ्या पाण्यात, शीड उतरवून थांबावे आणि बंदरात परतणाऱ्या एखाद्या होडीला विनंती करून तिच्या मागोमाग आत जावे. दुपारी तशा होड्या नेहमी येत असतात.

वाशिष्ठीकाठ

टेम्पोवाल्याशी आजच बोलतो. माघ शुद्ध तृतीयेला सकाळी साडेसहाला निघण्याचे ठरवले आहे, आणि जयगडला नांगर टाकल्यावर येथेच कळवीन.