मदत हवी आहे : तीस माणसं, एक टेकडी आणि लागोपाठ चार पराभव

आम्ही तिघं मित्र रविवारी प्लायवूडवर थर्माकोलच्या टेकड्या मांडून लढाया खेळतो. (हो, तिघंही चाळिशीपुढचे. घरच्यांचं मत विचारू नका.) सध्या दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध (तिथले डच वंशाचे शेतकरी, म्हणजे बोअर, विरुद्ध ब्रिटिश) चालू आहे. मी बोअर. माझ्याकडे तीस बंदूकवाले, समोर शंभर ब्रिटिश आणि दोन तोफा. अंधार पडेपर्यंत टिकलो की जिंकलो. अजून एकदाही टिकलेलो नाही.

पहिल्यांदा सरळ माथ्यावर बसलो. गडकिल्ले बघत वाढलेला माणूस, दुसरं काय सुचणार? माणसं आभाळावर उठून दिसली आणि तोफांनी निम्मी घालवली. उरलेल्यांना पायथा दिसेचना, मधे उताराचा फुगवटा. दुसऱ्यांदा माथ्यावरच, दगड रचून. निकाल तोच.

तिसऱ्यांदा माथ्यापासून जरा मागे सरळसोट खंदक काढला. शेजारच्या उंचवट्यावर मित्राने चार शिपाई चढवले, त्यांनी खंदकाच्या लांबीने गोळ्या घातल्या. नंतर वाचलं तर ब्रिटिशांचं तिथल्याच स्पिअन कॉप या टेकडीवर, 24 जानेवारी 1900 ला, असंच काहीसं झालेलं. रात्री चढले, धुक्यात खणलं, खाली खडक म्हणून खंदक उथळच राहिले. धुकं विरल्यावर कळलं की उताराची खरी कड पुढेच आहे आणि आजूबाजूच्या उंचवट्यांवरून बोअर मारा करताहेत. तिथल्या जखमींना वाहून नेणाऱ्यांत गांधीजींचं भारतीय पथक होतं, हे मला माहीतच नव्हतं.

मग डे ला रे या बोअर सेनानीची नक्कल केली. बेलमाँट आणि ग्रास्पानला बोअर टेकड्यांवर बसले आणि हटवले गेले. त्यानंतर मॉडर नदीवर ते काठाशी दबून बसले आणि 11 डिसेंबर 1899 ला मॅगर्सफाँटेनला तर टेकडीच्या पायथ्याशी, पुढच्या अंगाला. आदल्या दिवशी ब्रिटिश तोफा टेकडीच भाजत बसल्या. खालून झाडलेली गोळी जमिनीलगत जाते, पुढचा चुकला तरी मागच्याला लागू शकते. बिनधुराच्या दारूमुळे मारा कुठून येतोय तेही चटकन कळत नाही. बेलमाँटपासून अठरा दिवसांत ही माणसं एवढं शिकली. मी दीड महिना घेतला.

तर चौथा डाव पायथ्याशी. दहा चाली मजा आली, तोफा रिकामा माथा फोडत होत्या. मग मित्र डावीकडून वळसा घालून आला. मॅगर्सफाँटेनची फळी कित्येक किलोमीटरची आणि माणसं हजारो. माझा खंदक टीचभर, दोन्ही बगला उघड्या. माघार घ्यावी तर मागे बोडका चढ. पळणारा प्रत्येक जण टिपला गेला.

माजी फौजी किंवा अभ्यासक कोणी असतील तर सांगा : तीसातली माणसं काढून बगलेला ठेवावीत का? पाच ठेवली तर समोरचा मारा तोकडा पडतो. की तीन-चार तुटक खड्डे, एकमेकांना मारा देता येईल असे? की टेकडीमागच्या उतारावर बसून माथा ओलांडणाऱ्याला टिपावं? त्यात लांबचा मारा हातचा जातो, म्हणून धीर होत नाही.

नियम : खणायला सुरुवातीच्या सहा चाली, काटेरी तार नाही, घोडे आहेत पण ते कुठे लपवायचे हा वेगळाच प्रश्न. पुढचा डाव या रविवारी. शनिवार रात्रीपर्यंत सुचवलंत तर बरं, प्लायवूड माझ्याकडेच आहे.